सायकलला गेटवरच का अडवता?

माननीय संपादक, स.न.वि.वि.

गेले नऊ महिने मी आठवड्यातून तीन दिवस कोथरूडहून बाणेरला ऑफिसला सायकलने जातोय. एका बाजूने साधारण दहा किलोमीटर, पाऊण तास लागतो, आणि खरं सांगायचं तर ट्रॅफिकमध्ये बाईकलाही त्याच्यापेक्षा फार कमी लागत नाही. सेनापती बापट रोडचा सिंबायोसिसजवळचा चढ पहिले दोन आठवडे उतरून ढकलत चढलो, आता बसून चढतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला किमान १५० मिनिटं व्यायाम सांगते, माझी ऑफिसला येता-जाताच २७० होतात, जिमची फी नाही की काही नाही. एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी) ६.३ होतं ते ५.८ वर आलं, अर्थात बायकोने रात्रीचा भात बंद केलाय त्याचाही वाटा आहेच, सगळं क्रेडिट सायकलला दिलं तर घरी जेवायला मिळणार नाही!

पण पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. अडचण पायांची नाहीच, अडचण ऑफिसच्या गेटवर आहे. पहिल्या दिवशी वॉचमन म्हणाला, साहेब पार्किंगचं स्टिकर लागेल, बरं म्हटलं द्या, तर म्हणे गाडीचा नंबर सांगा. आता सायकलला कुठून आणू नंबर? त्याच्या रजिस्टरमध्ये टू व्हीलर आणि फोर व्हीलर एवढेच दोन कॉलम, त्याची तरी काय चूक. मग मी सायकल बाहेर चहाच्या टपरीमागे लोखंडी जाळीला साखळीने बांधतो, एकदा बेल गेली, एकदा पंप गेला. टपरीवाले काका लक्ष ठेवतात, पण त्यासाठी रोज त्यांचा दोन चमचे साखरेचा चहा प्यावा लागतो, म्हणजे सकाळी जाळलेलं तिथेच परत भरलं.

माझे वडील सत्तरच्या दशकात पुण्यातून पिंपरीला कंपनीत सायकलने जायचे. तेव्हा सायकललासुद्धा पत्र्याचा बिल्ला असायचा, म्हणजे नंबर होता बघा, आणि रात्री दिवा नसला तर पोलीस हवा सोडायचा. त्यांच्या कंपनीत गेटच्या आतच सायकलींसाठी लांबलचक पत्र्याची शेड होती, शिफ्ट सुटली की शेकडो घंट्या एकदम वाजायच्या असं ते अजून सांगतात. आमच्या काचेच्या चकचकीत बिल्डिंगमध्ये बेसमेंटचे दोन मजले पार्किंग आहे, आणि एका सायकलला जागा नाही.

लोक सायकल ट्रॅकवरून भांडतात, ते बरोबरच आहे, पण ट्रॅक होईल तेव्हा होईल, ऑफिसवाल्यांना जे उद्या करता येईल ते तरी करा ना. एका कारच्या जागेत सात-आठ सायकली सहज मावतात. तेवढा एक स्टँड, आणि घामाचा शर्ट बदलायला एखादी आडोशाची जागा, शॉवर-बिवर कोणी मागत नाहीये. उन्हाळ्यात मी लिफ्टशेजारच्या टॉयलेटमध्ये एका पायावर उभा राहून पँट बदलतो, तेवढ्यात नेमके मॅनेजर येतात.

आमच्या बिल्डिंगमध्ये सायकलने येणारे पाच जण आहोत. स्टँडचा खर्च आम्हीच वर्गणी काढून देतो, फक्त जागा द्या, असा मेल टाकून दोन महिने झाले. अजून उत्तर नाही.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे