विषय: कपाळाला बांधायची रिचार्जेबल बॅटरी (टॉर्च) चार्जिंगला वितळली, त्यावर तुमच्या माणसांनी दिलेली उत्तरं

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

तुमच्या ग्राहक सेवा केंद्राचा फोन आत्ताच संपला. मी बोलतच होतो, तेवढ्यात 'आपल्या तक्रारीचे समाधानकारक निराकरण झाले आहे' असा मेसेज आला आणि पलीकडून फोन कट झाला. समाधान कुणाचं झालं ते कळवा, म्हणजे त्यांचं अभिनंदन करता येईल.

मॉडेल कोणतं हे तुम्हाला सांगायची गरज नाही. काळी, कपाळाला पट्टा, मागं सेलचा डबा, सी-टाईप तोंड, खोक्यावर वाघ आणि सेलची साठवण '6000 एमएएच'. किंमत 1,149 रुपये, वॉरंटी एक वर्ष. पक्कं बिल माझ्याकडं आहे. एक नाही, दोन घेतल्या. एक मला, एक भावाला.

आम्ही पाथरी तालुक्यातले. गहू, हरभरा, थोडा ऊस. विहिरीवरच्या मोटारीला थ्री फेज लाईट कधी दिवसाची, कधी रातची. रातपाळी आली की पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला जावंच लागतं. एका हातात खोरं असलं की दुसऱ्या हातात बॅटरी धरून भागत नाही, म्हणून कपाळाची घेतली. बांधावर पाय ठेवण्याआधी तिथं जनावर आहे की नाही ते दिसावं, एवढीच अपेक्षा. वाघ तुमच्या खोक्यावरच राहू द्या.

त्या दिवशी संध्याकाळी ओसरीत, बोर्डाला मोबाईलचा ॲडॉप्टर आणि त्याला तुमच्याच खोक्यातली केबल, अशी बॅटरी लावली. जेवणं उरकून गाणं-गप्पा चालल्या होत्या, तेव्हा प्लास्टिक जळाल्याचा वास आला. जाऊन बघतो तर चार्जिंगच्या तोंडाभोवतीचं प्लास्टिक मऊ होऊन आत बसलेलं, डबा हातात धरवेना. लाल दिवा मात्र इमानानं चालू. हिरवा होण्याचं नाव नाही. बटण बंद केलं, केबल काढली, अंगणात नेऊन ठेवली. गार झाल्यावर डब्याचं झाकण फिरवलं (झाकण फिरवणं म्हणजे 'उघडणं' नव्हे, सेल बदलायला ते तुम्हीच दिलंय, वॉरंटीवर बोट ठेवू नका), तर सेलवरचं आवरण आकसलेलं. मीटर लावला. 4.41 व्होल्ट.

हा आकडा तुमच्या डिझाइनवाल्यांसमोर ठेवा. लिथियम-आयनचा असा सेल 4.2 व्होल्टला थांबवायचा असतो. मी मोटार रिवाइंडिंग करून घर चालवलेला माणूस आहे, इंजिनिअर नाही. तरी एवढं कळतं की पाच व्होल्टातून एका साध्या डायोडचे सहा-सात दशांश वजा केले की 4.4 च्या आसपास उरतात. म्हणजे आत चार्जिंग सांभाळणारी चिप (आयसी) नाही, सेल भरला की करंट तोडणारा कट-ऑफ नाही. एक डायोड, एक रेझिस्टर आणि रामभरोसे. माझं चुकत असेल तर सर्किटचा नकाशा पाठवा, मी चारचौघांत माफी मागतो.

भावाची दुसरी बॅटरी आम्ही मानवतला भाच्याच्या मोबाईल दुकानात नेली. त्याच्याकडं यूएसबीला लावायचा छोटा मीटर आहे. समोर बसून चार्ज केली. सेल 4.2 ला पोचला, तरी करंट चालू. 4.3 च्या वर चढायला लागला, तेव्हा आम्हीच काढली. दिवा लालच. म्हणजे एक पीस खराब निघाला असं नाही, माल असाच आहे.

आता तुमच्या उत्तरांकडं येतो.

पहिलं उत्तर: "सर, आपण फास्ट चार्जर वापरलात, त्यामुळे वॉरंटी लागू होत नाही." अहो, खोक्यात ॲडॉप्टर नाही. माहितीपत्रकात लिहिलंय, 'योग्य ॲडॉप्टर वापरावा'. योग्य म्हणजे कोणता, किती व्होल्टचा, किती ॲम्पिअरचा, एक अक्षर नाही. आज कुठल्याही घरात बोर्डाला लावलेला असतो तो मोबाईलचाच. आणि फास्ट चार्जरनं वस्तू जळते, हे तुम्हाला शिकवलं कुणी? चार्जर करंट ढकलत नसतो, वस्तू तिला लागेल तेवढा ओढते. 33 वॉटचा चार्जर असला तरी समोरून मागणी आल्याशिवाय तो पाच व्होल्टच्या वर जात नाही. नऊ व्होल्ट पाहिजेत हे फोन त्याला डेटाच्या तारांवरून नाहीतर सी-टाईपच्या तोंडातल्या, चार्जरशी बोलायच्या सीसी पिनांवरून सांगतो, मग मिळतात. तुमची बॅटरी काय सांगणार? दोन्हीकडं सी-टाईप असलेली केबल लावली तर ती चार्जच होत नाही. भाच्यानं लावून दाखवलं, मीटरवर शून्य. सीसी पिनांना 5.1 किलोओहमचे दोन रेझिस्टर लागतात, ते दिसल्याशिवाय सी-टाईप चार्जर पाच व्होल्टसुद्धा सोडत नाही. ते दोन रेझिस्टर तुम्ही वाचवलेत. काही पैशांचा माल. खोक्यावर मात्र ठळक अक्षरांत 'टाईप-सी फास्ट चार्जिंग'. म्हणजे फास्ट चार्जिंग लिहायचं तुम्ही, आणि फास्ट चार्जर लावला म्हणून दोषी मी.

दुसरं उत्तर: "सर, गावाकडे व्होल्टेज कमी-जास्त होतं." होतं. आमच्या डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) व्होल्टेज कसं नाचतं ते मोटारी बांधताना रोज बघितलंय. पण माझ्या ॲडॉप्टरवर 100 ते 240 व्होल्ट लिहिलंय, त्याच्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणीचा आर क्रमांक आहे, तो बीआयएस केअर ॲपवर टाकून बघितला, खरा निघाला. जळाल्यानंतरही त्याचं आउटपुट मोजलं, पाच व्होल्ट. तोच ॲडॉप्टर आजही मोबाईल चार्ज करतोय. तुमच्या सेलवर मात्र आर क्रमांकही नाही आणि बनवणाराचं नावही नाही. ॲपवर काय टाकू, वाघाचं चित्र?

तिसरं उत्तर: "सर, लॅपटॉपच्या यूएसबी पोर्टला लावा, तो सेफ असतो." घरात लॅपटॉप नाही. ट्रॅक्टरला यूएसबी आहे, सोलरच्या दिव्याच्या डब्याला यूएसबी आहे. त्यांचं चालेल का, असं विचारलं तर "ती माहिती उपलब्ध नाही". शेतकऱ्याला विकायची बॅटरी आणि ट्रॅक्टरची माहिती उपलब्ध नाही! बरं, लॅपटॉप शेजाऱ्याकडून मागून आणला असं धरू. जुन्या यूएसबी 2 च्या पोर्टला 500 मिलिॲम्पिअरची मर्यादा, निळ्या यूएसबी 3 ला 900. तुमचे 6000 खरे धरले तर पाचशेनं बारा तासांच्या वर लागतात. तोवर लॅपटॉप चालू ठेवून मी राखण करत बसू का दारं धरायला जाऊ? आणि मुख्य मुद्दा राहतोच. लॅपटॉपचा पोर्टसुद्धा पाचच व्होल्ट देतो. आत कट-ऑफ नसेल तर सेल तिथंही 4.4 कडंच जाणार, फक्त सावकाश. बिघाड तुमच्या डब्यात आहे आणि तुम्ही मला बोर्ड बदलायला सांगताय.

आणि ते 6000 पण. आत 18650 मापाचा एकच सेल आहे. या मापाचे नामांकित कंपन्यांचे चांगल्यातले सेल साडेतीन हजारांच्या आसपास थांबतात. तुमच्याकडं त्याच नळीत सहा हजार मावतात, तर तुम्ही बॅटऱ्या विकायच्या सोडून जगाला सेल विकायला पाहिजेत.

आता आजचा फोन. हा मी सविस्तर लिहिणार आहे, कारण तुमच्याकडं 'क्वालिटीसाठी रेकॉर्ड' होतं म्हणे. काढून ऐका.

आधी हिंदीसाठी दोन, मराठीसाठी तीन. तीन दाबलं, हिंदीत माणूस आला. त्यानं मराठीला जोडलं. ताई आवाजावरून माझ्या पुतणीच्या वयाच्या, त्यांच्यावर राग नाही. सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली, कारण तुमच्या संगणकात माझ्या मागच्या कुठल्याच फोनची नोंद सापडत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सर, व्हेरिफिकेशनसाठी काही प्रश्न विचारते. बॅटरी पाण्यात पडली होती का?" नाही. "उंचावरून पडली होती का?" नाही. "ई-सिगारेटच्या चार्जरवर लावली होती का?"

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. म्हणलं, कशाच्या? "ई-सिगारेट सर. व्हेप. त्याचा चार्जर किंवा केबल वापरली होती का?" म्हणलं, ताई, मी माळकरी माणूस आहे, सुपारी खात नाही. "सर, घरातलं दुसरं कुणी वापरतं का?" घरात म्हातारी आई, बायको आणि दहावीतली मुलगी. यातलं कोण ओढत असेल, तुम्हीच सुचवा, म्हणलं. तर ताई गप्प झाल्या, आणि मग, "सर, मला हो किंवा नाही असं टिक करावं लागतं. तुम्ही खात्रीनं सांगू शकत नसाल तर मी 'माहीत नाही' करते." आणि 'माहीत नाही' केलं की पुढचं पान आपोआप येतं: अनधिकृत चार्जर, वॉरंटी रद्द.

शेजारी मुलगी अभ्यास करत होती. स्पीकर चालू होता. तिनं सगळं ऐकलं.

व्यवस्थापक साहेब, या देशात 2019 पासून ई-सिगारेट बनवायला, आणायला, विकायला, साठवायला कायद्यानं बंदी आहे. ज्या वस्तूवर बंदी आहे तिचा चार्जर तुमच्या प्रश्नांच्या यादीत आहे, आणि ट्रॅक्टर नाही. ही यादी कुठल्या देशातून उचलली? भाच्याला सांगितलं तर तो हसला आणि म्हणाला, "मामा, त्या पेनासारख्या सिगारेटच्या यूएसबी चार्जरमध्ये पाच व्होल्ट आत जातात आणि 4.2 बाहेर येतात. सर्किट त्या चार्जरच्या कांडीतच असतं." म्हणजे बघा, जिच्याबद्दल विचारून तुम्ही माझी अब्रू काढली, त्या बंदीच्या वस्तूच्या चार्जरलासुद्धा 4.2 ला थांबायचं कळतं. तुमच्या वाघाला कळत नाही. ही तुलना मी करणार नव्हतो, यादी तुमची आहे.

मग वरिष्ठांना जोडा म्हणलं. वरिष्ठ आले, त्यांनी तीन वाक्यांत निकाल दिला: कंपनीचा ॲडॉप्टर वेगळा 399 रुपयांना मिळतो, तो घ्यायला हवा होता, तरीही 'सद्भावना म्हणून' तपासणी करू, बॅटरी कुरिअरनं पाठवा, खर्च ग्राहकाचा. खोक्यात ॲडॉप्टर नाही, पत्रकात नाही, दुकानात नाही, आणि जळाल्यावर कळतं की 399 चा होता!

कुरिअरचं मी आधीच विचारून ठेवलं होतं. पाथरीच्या कुरिअरवाल्यानं तापून खराब झालेला लिथियम सेल घ्यायला साफ नकार दिला, आणि तो बरोबर आहे. असा सेल विमानानं न्यायला मनाई असते. हे कुरिअरवाल्याला माहीत आणि बॅटरी विकणाऱ्या कंपनीच्या वरिष्ठांना नाही. हेच त्यांना सांगत होतो, तेव्हा समाधानाचा तो मेसेज आला.

ॲडॉप्टरचं पुन्हा लिहितो, कारण तुमच्याकडं कुणी ते कानावर घेत नाही. पत्रकात नुसतं 'योग्य ॲडॉप्टर' लिहून चालत नाही. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मधलं कलम 84 वाचा. वापराच्या पुरेशा सूचना दिल्या नाहीत, चुकीच्या वापराबद्दल इशारा दिला नाही, तर उत्पादक जबाबदार धरला जातो. सदोष मालाचं त्याच कलमात वेगळं आहेच.

मला काय पाहिजे ते लिहितो. दोन्ही बॅटऱ्यांचे पूर्ण पैसे, बदली माल नको. 'फास्ट चार्जर वापरल्यामुळे' हा शेरा माझ्या नोंदीतून काढा, आणि तो 'माहीत नाही' सुद्धा. या मॉडेलमध्ये कट-ऑफ आहे की नाही, ते लेखी कळवा. नसेल तर दुकानांत पडलेला माल उचला. आमच्या भागात ही बॅटरी गोठ्यात, कडब्याच्या शेजारी लावून माणसं झोपतात. पंधरा दिवस वाट बघतो. मग आधी 1915 या ग्राहक हेल्पलाईनवर आणि नंतर परभणीच्या जिल्हा ग्राहक आयोगात. तक्रार मी राहतो तिथं करता येते आणि पाच लाखांच्या आत फी लागत नाही, म्हणजे मला एसटीचा खर्च, तुम्हाला वकिलाचा.

याआधी तुमची साधी, सेल घालायची बॅटरी आमच्या घरात कित्येक वर्षं चालली. वडील दुसऱ्या कंपनीची घेऊ द्यायचे नाहीत. त्याच नावावर या दोन घेतल्या, आणि गावात चौघांना घ्यायला लावल्या. त्या चौघांना मी सांगून आलोय, चार्जिंगला लावून झोपू नका, समोर बसून लावा. तुमचं काम मी फुकट केलं.

जळालेली बॅटरी अंगणाच्या कोपऱ्यात लोखंडी घमेल्यात, वाळूत ठेवली आहे. मी ती फेकणार नाही, कारण उद्या पुरावा लागेल, आणि कुरिअरही करणार नाही. बघायची असेल तर माणूस पाठवा. या आठवड्यात लाईट रातची आहे, दुपारी बाराच्या आत आलात तर मी झोपलेला असेन, त्यानंतर या.

तक्रारदार,
ता. पाथरी, जि. परभणी

सोबत: बिलाची प्रत, मीटरवरच्या आकड्याचे आणि वितळलेल्या तोंडाचे फोटो, खोक्याच्या चारही बाजूंचे फोटो