पॉड उचलल्यावर खरा खेळ

केंब्रिज,
रविवार रात्र

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

“पंचावन्नी आली, चष्म्याचा नंबर वाढला, आणि हा पठ्ठ्या तिकडे बसून विमानं पाडतोय!” हा तुझा मेसेज वाचून बायको इतकी हसली की चहा माझा मलाच करून घ्यावा लागला. मेसेजला मेसेजनेच उत्तर दिलं असतं, पण अंगठ्याने लिहून संपेल असा हा विषय नाही. शिवाय तू अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतोस, म्हणजे तुझ्याशी या बाबतीत नीट भांडता तरी येतं.

पहिली गोष्ट, ते विमान नव्हे. विमानाला पंख असतात, हवेचा आधार असतो, इंजिन बंद पडलं तरी ते थोडा वेळ तरंगतं. माझं यान म्हणजे पडद्यावरचा एवढासा त्रिकोणी ठिपका. डावीकडे वळायचं, उजवीकडे वळायचं आणि शेपटातून जाळ काढायचा, एवढंच त्याला येतं. खालून ग्रह सतत ओढत असतो. ब्रेक नाही. (कीबोर्डवर ब्रेक नावाची कळ आहे खरी, पण ती दाबली की यानाऐवजी अख्खा कॉम्प्युटरच नव्याने सुरू होतो.) गेमचं नाव ‘थ्रस्ट’. जेरेमी स्मिथ नावाच्या माणसाने लिहिला, सुपीरियर सॉफ्टवेअरने १९८६ मध्ये बाजारात आणला, आणि मूळ ज्या यंत्रासाठी तो लिहिला गेला त्याच यंत्रावर मी तो खेळतोय. बीबीसी मायक्रोवर.

हो, तोच. आपल्या शाळेतला.

१९८४ साली केंद्र सरकारचा ‘क्लास’ प्रकल्प निघाला, पहिल्या खेपेला देशभरातल्या २५० शाळांना कॉम्प्युटर मिळाले आणि त्यात आपल्या शाळेचा नंबर कसा लागला हे मला आजतागायत कळलेलं नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीत एसी नव्हता, पण कॉम्प्युटरच्या खोलीत होता. चपला बाहेर, पडदे बंद, एका खुर्चीवर तिघं. सर उन्हाळ्याच्या सुट्टीत ट्रेनिंग घेऊन आले होते आणि आपल्यापेक्षा फार तर दोन धडे पुढे होते. दहा नंबरच्या ओळीत प्रिंट, वीस नंबरला ‘गोटू दहा’, आणि स्वतःच्या नावाने पडदा भरून वाहतोय हे बघत बसायचं, यापलीकडे आपली मजल काही गेली नाही. गेम तर निषिद्धच. पुढे मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये हेच यंत्र ‘युनिकॉर्न’ नावाने बनायला लागलं, पण तोवर आपण दहावी होऊन बाहेर पडलो होतो.

गंमत अशी की हे यंत्र बनवणारी एकॉर्न कंपनी इथलीच, केंब्रिजची. सुरुवातीला तिचं ऑफिस मार्केट हिलला होतं. त्याच चौकात बाजार भरतो, मी तिथून कोथिंबीर आणतो आणि इतकी वर्षं मला हे ठाऊक नव्हतं! गावात कॉम्प्युटरच्या इतिहासाचं एक संग्रहालय आहे. तिथे जुनी यंत्रं काचेआड ठेवलेली नाहीत, खुर्ची ओढून बसायचं आणि खेळायचं. तिथे मायक्रो बघितला आणि मग राहवेना. एका निवृत्त शिक्षकाच्या माळ्यावरून एक विकत घेतला. या वयाच्या मायक्रोच्या पॉवर सप्लायमधले कपॅसिटर तडकतात आणि एके दिवशी घरभर धूर करतात, हे जाणकारांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून यंत्र लावायच्या आत ते बदलून घेतले. मग बटण दाबलं. आधी जाडा, मग बारीक, असे ते दोन सूर वाजले आणि काळ्या पडद्यावर ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२के’ अशी पाटी आली. तू असतास तर चप्पल काढली असतीस.

तर खेळ. बंडखोरांनी साम्राज्याची लढाऊ जहाजं पळवलीत, पण ती चालवायला ‘क्लायस्ट्रॉन पॉड’ लागतात आणि ते साम्राज्याच्या ग्रहांवर ठेवलेत. ते उचलून आणायचे. कथा इतकीच आणि तिच्याशी कुणाला घेणंदेणं नाही. ग्रहाच्या उतारांवर तोफा चिकटवलेल्या आहेत, त्या गोळ्या सोडतात. इंधनाच्या टाक्या आहेत, त्यांच्या डोक्यावर येऊन स्पेसबार दाबून धरला की इंधन वर ओढता येतं. त्याच स्पेसबारने ढालही चालू होते आणि त्याचंही इंधन जातं. म्हणजे जीव वाचवायचा खर्च आणि पोट भरायचा खर्च एकाच खात्यातून. शिवाय प्रत्येक ग्रहावर एक अणुभट्टी. तिच्यावर गोळ्या झाडल्या की तोफा काही वेळ गप्प बसतात. जास्तच झाडल्या तर भट्टी बिघडते, दहा सेकंदांची उलटी मोजणी सुरू होते आणि तेवढ्यात तिथून सटकायचं, नाहीतर ग्रहाबरोबर आपणही.

नेमबाजी म्हणशील तर एवढीच. नवशिका माणूस तोफांना घाबरतो. मीही घाबरायचो. थोडे दिवस गेले की लक्षात येतं, तोफांनी मरणारे थोडे. बाकीचे सगळे स्वतःच्या वेगाने खडकावर आपटून मरतात.

तू मुलांना न्यूटनचा पहिला नियम सांगतोस तेव्हा ती माना डोलावतात, कारण जगात त्यांना तो कधी दिसलेलाच नसतो. सायकलचं पायडल सोडलं की सायकल थांबते, ढकललेलं बाक थांबतं. इथे यान डावीकडे निघालं की निघालं. नाक उजवीकडे वळवलंस तरी ते डावीकडेच जात राहतं, फक्त तोंड उजवीकडे करून. थांबवायचं तर उजवीकडे तोंड करून तेवढाच जाळ काढायला हवा, आणि तो काढेपर्यंत गुरुत्वाकर्षणाने तुला खाली ओढलेलं असतं, त्याचा हिशेब वेगळा. हाताला पहिली सवय लावायची ती थेंबाथेंबाने जाळ काढायची. शिफ्टची कळ दाबून धरायची नाही, टिचकी मारायची. टिचकी, थांब, टिचकी, थांब. ती लय साधली की यान हवेत जागच्या जागी उभं राहतं, किंचित वर, किंचित खाली. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी खुर्चीत श्वास रोखून बसलो होतो.

कळांची जागाही मजेशीर. मायक्रोवर कॅप्स लॉक आणि कंट्रोल ए-च्या डाव्या हाताला शेजारी शेजारी आहेत. कॅप्स लॉकने डावीकडे वळायचं, कंट्रोलने उजवीकडे. जाळ शिफ्टने, गोळी रिटर्नने. म्हणजे डाव्या हाताची दोन बोटं दिशा बघतात आणि बाकीचा पसारा उजव्या हाताने आवरायचा. जॉयस्टिकवाल्यांना हे अडाणीपणाचं वाटतं. मला विचारशील तर या खेळाला कळाच हव्यात, कारण टिचकी बोटाने मारतात, मनगटाने नाही.

आणि आता पॉड. या गेमची खरी करामत इथे आहे.

पॉडच्या वर येऊन स्पेसबार दाबायचा आणि हळूहळू वर निघायचं. मधे एक रेघ उमटते, ती दोरी नाही, ताठ दांडी आहे. दांडी लागली की यानाला हिसका बसतो, आणि त्या क्षणापासून तू वेगळंच वाहन चालवत असतोस. पॉड जड आहे. मघाची टिचकी आता पुरत नाही. इंजिन ओरडतं, इंधनाचा आकडा भराभर उतरतो आणि यान जेमतेम वर सरकतं. इतपत ठीक. पण समोर भुयाराचा कोपरा येतो, वळावं लागतं, आणि जाळ दांडीच्या रेषेत न राहता जरासा तिरपा बसतो. झालं. पॉड एका बाजूला झुलतो, तो झुलला म्हणून यान दुसऱ्या बाजूला खेचलं जातं.

नागपंचमीला तुझी थोरली बहीण आणि शेजारची ती किडकिडीत मुलगी फुगडी घालायच्या, आठवतं? गिरकी दोघींची, पण ताई जागच्या जागी आणि ती बिचारी भोवती भिरभिरायची. इथे ताई म्हणजे पॉड आणि भिरभिरतोय तो तू. दोघांचा मिळून जो गुरुत्वमध्य आहे तो पॉडच्या बाजूला सरकलेला, आणि त्याच्याभोवती दांडीसकट सगळं गरगरतं. अशा वेळी घाबरून जाळ वाढवला की गिरकी वाढते. करायचं काय, तर एक क्षणभर काहीच करायचं नाही. यान वरच्या बाजूला येईपर्यंत वाट बघायची आणि ते तिथे आलं की गिरकीच्या उलट एक टिचकी. हे कळायला मला बराच काळ लागला आणि अजून दर वेळी जमतं असं नाही. बोटं घाबरट असतात.

म्हणूनच मी म्हणतो की पॉड हाती लागेपर्यंत जे चालतं ती नुसती तयारी. बहुतेक गेममध्ये जड काम जाताना असतं, शत्रू, सापळे वगैरे, आणि खजिना मिळाला की बाजा वाजून पुढचा टप्पा. इथे मिळाला तिथे खरं संकट सुरू. त्याच भुयारातून, त्याच तोफांसमोरून, आता गळ्यात लोढणं घेऊन वर जायचं. जाताना ज्या कोपऱ्यावरून झोकात घसरलास तो येताना अंगावर येतो. पॉड खडकाला लागला तरी खेळ खलास. ग्रह एकूण सहा, दरेकावर ओढ आधीपेक्षा जास्त, पुढे पुढे दारंही आहेत, बाजूच्या बटणावर गोळी मारली की थोडा वेळ उघडतात. सहा संपले की तेच ग्रह पुन्हा, पण ओढ उलटी, सगळं वर पडतं! त्याच्यापुढे जमीनच अदृश्य. तिकडे मी पोचलेलो नाही, आणि पोचेन असंही वाटत नाही.

आता हे सगळं किती जागेत बसवलंय ते ऐक. मायक्रोची मेमरी ३२ किलोबाइट. आपल्या वर्गाच्या ग्रुपवर रोज सकाळी जो सुप्रभातचा फोटो पडतो त्याला याहून जास्त जागा लागते. त्यातही रंगीत चित्रं हवी तर १० ते २० किलोबाइट पडदाच खाऊन टाकतो. प्रोसेसर ६५०२, दोन मेगाहर्ट्झचा, आणि त्याला गुणाकाराची आज्ञाच नाही. मग हे सगळं बलविज्ञान तो करतो कसा? कोनांच्या ज्या आणि कोज्या आधीच तक्त्यात लिहून ठेवायच्या. दर फेरीला जाळ चालू असेल तर तक्त्यातून काढून वेगात थोडी भर घालायची, ग्रहाच्या ओढीची खालच्या दिशेने थोडी भर, आणि मग तो वेग जागेत मिळवायचा. तुझं फळ्यावरचं व्ही बरोबर यू अधिक ए टी, दुसरं काही नाही. बेरजांवर बेरजा.

या कल्पनेची वंशावळ बरीच मागे जाते. १९६२ मध्ये एमआयटीत पीडीपी-१ या कपाटाएवढ्या यंत्रावर ‘स्पेसवॉर’ लिहिला गेला. त्याच्या मधोमध एक तारा आहे आणि तो दोन्ही यानांना ओढतो. ती ओढ डॅन एडवर्ड्सने घातली. पण यानांनी सोडलेल्या टॉर्पेडोंवर मात्र ताऱ्याचा काही परिणाम होत नाही, कारण तेवढा हिशेब करायला यंत्राला वेळच उरत नव्हता. म्हणजे गुरुत्वाकर्षणाला सुद्धा बजेट! मग १९७९ चा ‘लूनार लँडर’, १९८२ चा ‘ग्रॅव्हिटार’, दोन्ही अटारीचे. ग्रॅव्हिटारमध्ये ग्रह आहेत, तोफा आहेत, इंधन आहे, थ्रस्टने त्याच्याकडून भरपूर उचललंय. ती दांडी मात्र स्मिथची. पुढे १९८८ मध्ये पीटर आयर्विनबरोबर त्याने ‘एक्झाइल’ केला, त्यात वस्तूंना वजन आहे, वारा आहे, पाणी आहे, तेही याच मायक्रोवर. लोक बीबीसी म्हटलं की ‘एलिट’ या अंतराळातल्या व्यापाराच्या गेमचं नाव घेतात. घेऊ देत. एलिट मोठा आहे, थ्रस्ट खोल आहे.

कमोडोर ६४ या दुसऱ्या घरगुती कॉम्प्युटरवरही थ्रस्ट निघाला होता, १ पौंड ९९ पेन्सला, रॉब हबर्डच्या संगीतासकट. संगीत झकास आहे, वाद नाही. पण मला मायक्रोवरची ती नुसती खरखर आवडते. इंजिन चालू, खरखर. बंद, शांत. त्या शांततेत किती वेगाने पडतोय ते जास्त जाणवतं.

आता तुझ्या कामाचं. तुझ्या कॉलेजच्या लॅबमध्ये कॉम्प्युटर धूळ खात पडलेत म्हणालास ना? बीबीसी मायक्रो आता ब्राउझरमध्ये चालतो. मॅट गॉडबोल्ट नावाच्या माणसाने ‘जेएसबीब’ म्हणून बनवलाय, फुकट आहे. परिभ्रमण आणि गुरुत्वमध्याचा धडा सुरू करायच्या आधी पोरांना एक तास यावर सोड. सूत्र-बित्र काही सांगू नकोस. पॉड गरगरायला लागला आणि त्यांनी शिव्या द्यायला सुरुवात केली की मग फळ्याकडे वळ. तुझे प्राचार्य विचारतील हे काय चाललंय, तर प्रात्यक्षिक म्हणून सांग, खोटं नाही ते.

डिसेंबरात येतोय. यंत्र काही विमानातून आणता येणार नाही, तेव्हा सराव तुझा तुलाच करावा लागेल. काकूंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन कसं झालं ते लिही. वहिनींना नमस्कार, पिंकीला आशीर्वाद.

तुझा,
दिप्या

ता. क. आजच्या कीबोर्डवर कॅप्स लॉक भलताच वागतो, यान एकाच दिशेने गरागरा फिरत राहिलं तर घाबरू नकोस. सेटिंगमध्ये कळांची मांडणी बदलता येते, आधी ते कर आणि मगच पोरांना बसव.