पोस्टातली ठेव मोडू नका

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, परवा तुम्ही फोनवर ठेव मोडून बागेच्या फवारणीसाठी ड्रोन घ्यायचं काढलंत, तेव्हा मी एसटीत होते आणि घाटात रेंज येत-जात होती. तुम्ही एकदा मनात घेतलंत की दुसऱ्या दिवशी सकाळी पासबुक पिशवीत घालून निघता, हे मला माहीत आहे. म्हणून लिहितेय. निदान हे पत्र वाचून होईपर्यंत पोस्टात जाऊ नका.

आधी माझ्या ड्रोन पायलटच्या परीक्षेचं. पास झाले. सर्टिफिकेट आलं, ते दहा वर्षं चालतं. पूर्वी याला लायसन्स म्हणत आणि ते दिल्लीहून यायचं. 2022 पासून डीजीसीएने, म्हणजे केंद्राच्या विमान वाहतूक खात्याने, मान्यता दिलेली प्रशिक्षण संस्थाच सर्टिफिकेट देते. अट फार नाही, दहावी पास आणि वय 18 ते 65. म्हणजे बाबा, तुमची गाडी चुकली. आई मात्र अजून बसते, तिला विचारून बघा!

आई, तुला वाटतं तसं हे मोबाईलवरच्या खेळासारखं नाही. आधी वर्गात नियम, हवामान, विमानतळाची भाषा. मग संगणकावर सराव. आणि मग सड्यावर, उघड्या माळावर. जीपीएस चालू असताना ड्रोन सोडाल तिथे हवेत खिळून राहतो, कोणीही उडवेल. सर नेमकं तेच बंद करायला लावतात. मग समुद्रावरून येणारा वारा त्याला सरळ काजीच्या झाडांकडे घेऊन जायला लागतो आणि आपण अंगठ्याने त्याला धरून ठेवायचं. त्यात त्याचं तोंड आपल्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं. रिमोटची काठी डावीकडे ढकलली की तो आपल्या उजव्या हाताला जातो. अशा वाऱ्यात आठचा आकडा काढायचा, आणि उंची जराही खालीवर होऊ द्यायची नाही. माझ्या बॅचमधले मोठमोठे बाप्ये तिथे घामाघूम झाले. सकाळी लवकर वारा पडलेला असतो म्हणून आम्ही मुली उजाडताच मैदानावर हजर. दुपारनंतर खारा वारा सुटला की काय होतं ते होडीवाल्यांच्या नातीला कोणी शिकवायला नको.

उडवण्याइतकंच काम बॅटरीचं. भरून तशीच आठवडाभर ठेवली की ती फुगते. वापरायची नसेल तर एकेक सेल 3.8 व्होल्टच्या आसपास आणून ठेवायचा, पूर्ण 4.2 वर नाही. किनाऱ्यावर उडवून आलं की मोटारी आणि पाती पुसून काढायची, नाहीतर खार बसतो.

आता गावात तुम्ही जे सांगत सुटला आहात त्याबद्दल. "आमच्या चेडवाक इमान उडवूक येता" म्हणालात ते ठीक. पण कुणकेश्वराच्या जत्रेचं शूटिंग करीन असं कोणाला कबूल करू नका. गर्दीच्या डोक्यावर ड्रोन नेत नाहीत, पडला तर कोणाचं तरी डोकं फुटेल. परुळ्याच्या मामालाही सांगा, त्याच्या घराच्या वरून व्हिडिओ मिळणार नाही. चिपीचा विमानतळ उशाशी आहे. विमानतळाच्या कुंपणापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यातसुद्धा परवानगीशिवाय 200 फुटांच्या वर जाता येत नाही, मग मामाच्या अंगणाचं काय सांगू. आपल्याकडे सरकारी नकाशावर हिरव्या दाखवलेल्या पट्ट्यात 400 फुटांपर्यंत मोकळीक आहे, पण तीही आधी नकाशा बघूनच. बंड्याच्या खेळण्यातल्या ड्रोनला माझ्यासारखं सर्टिफिकेट लागत नाही. तो 250 ग्रॅमच्या आतला आहे, उडवू दे त्याला.

तर फवारणीचा ड्रोन. तो विक्रेता गावात येऊन कोणाच्या तरी नव्या बागेत दाखवून गेला आणि तुम्हाला आवडला. आवडणारच. तुमच्या गुडघ्यांचे हाल मी बघते. मोहोर आला की पहाटे उठून पंप, नळी, बांबू, आणि अंगावर औषधाचा वास चार दिवस. पण बाबा, त्याने दाखवलं ती आंब्याची कलमं कमरेएवढी होती. आपली आजोबांच्या हातची आहेत. ड्रोन वरून फवारतो. शेंड्यावर औषध छान बसतं, पण मोहोराचा रस शोषणारा तुडतुडा बसलेला असतो आत, पानाच्या मागे, सावलीत. तिथे आपला गडी बांबू आत घालून खालून मारतो तेव्हा कुठे औषध पोचतं. आपण एका मोठ्या कलमाला दहा-पंधरा लिटर पाणी ओततो आणि त्या ड्रोनची टाकीच दहा लिटरची. वर आपली बाग उतारावर, मधून विजेच्या तारा, कडेला माड. मी शिकले आहे म्हणूनच सांगते, आपल्या बागेत मी तो उडवणार नाही. कलमं छाटून बुटकी केलीत तर बोलू, पण तुम्ही छाटायला देणार नाही हेही मला ठाऊक आहे.

मी सध्या मोजणीच्या कामाला लागतेय. आपल्या गावठाणाची मोजणी झाली तेव्हा तुम्ही पडवीपासून दगडी गडग्यापर्यंत चुन्याची रेघ मारून घेतली होतीत, आठवतं? शेजारच्या काकांशी त्या रेघेवरून दोन दिवस वाद. ती स्वामित्व योजना, 2020 मध्ये सुरू झालेली. चुना यासाठी की वरून काढलेल्या फोटोत हद्द दिसावी. आता मी त्या चुन्याच्या दुसऱ्या टोकाला असेन, म्हणजे तसल्याच कामात, खाजगी ठेकेदाराकडे. ड्रोन त्यांचा, विमा त्यांचा. मला शिकायला मिळेल आणि कर्ज नाही.

एक दुसरंही डोक्यात आहे, पण अजून पक्कं नाही. जानेवारी 2025 पासून मत्स्यव्यवसाय खातं बेकायदा मासेमारीवर ड्रोनने नजर ठेवायला लागलं आहे. रात्री एलईडी लावून मासे ओढणाऱ्यांबद्दल आपले रापणकर, किनाऱ्यावरून जाळं ओढणारे, किती वर्षं बोंबलताहेत. त्या कामाला माणसं लागत असतील तर मला आवडेल. फक्त आई, "रात्री समुद्रावर एकटी?" असं आत्ताच सुरू करू नकोस. पायलट किनाऱ्यावरच असतो.

आणि ड्रोन गावात यावाच असं वाटत असेल तर पैसे ठेवीतून का? आईचा बचत गट आहे ना. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने नमो ड्रोन दीदी योजना मंजूर केली, त्यात गटाला किमतीच्या 80 टक्के, जास्तीत जास्त 8 लाख मिळतात. गटातल्या एका बाईला पंधरा दिवसांचं प्रशिक्षण, त्यातले पाच दिवस पायलटचे आणि दहा दिवस फवारणीचे. आंब्याला नाही, पण खालच्या मळ्यातल्या भाताला तो चांगला चालेल. भाताचे कुणगे, म्हणजे वाफे, लहान असले तरी एकाला एक लागून आहेत, आणि चिखलात पाय घालायला नको. सगळ्याच गटांना मिळत नाही, आणि योजना अजून चालू आहे का तेही बघायला हवं, तेव्हा आधी तालुक्याला चौकशी करा.

मला वाटतं वरच्या वाडीतली वैनी हे काम करील. ती शिलाई मशीनचं सगळं स्वतः खोलून बसवते, तिचा हात स्थिर आहे. आई, तिचं दहावीचं मार्कशीट सापडतं का ते विचार आणि मला फोटो पाठव. ती नको म्हणाली तर तिच्या नवऱ्याला नको विचारूस, पुन्हा तिलाच विचार.

तुमची,
ताई