पट्टी उतरली म्हणून गाणं उतरत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ऐंशीच्या दशकातल्या विदेशी पॉप बँडवर लेख आला होता. हे बँड पुन्हा एकत्र येतात, तीच जुनी गाणी घेऊन गावोगाव फिरतात. आवाज गेलेला, पट्टी (म्हणजे गाण्याचा आधारस्वर) उतरवलेली, लय मंदावलेली. त्यापेक्षा घरी बसून कॅसेट ऐकावी, असा लेखाचा सूर होता. लेख वाचनीय होता, पण मला तो लागला. १९८४ ते १९९३ या काळात मी सोलापुरातल्या एका ऑर्केस्ट्रात आधी अकॉर्डियन आणि पुढे कॅसिओ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) वाजवायचो. आता आम्ही चौघं पुन्हा बसायला लागलोय. लेखकाने ज्याला कमीपणा म्हटलंय, तेच काम आम्ही गेलं वर्षभर करतोय. म्हणून हे पत्र.

लेखात नॉर्वेच्या आ-हा या बँडचं नाव एका ओळीत येऊन गेलं. त्यांचं ‘टेक ऑन मी’ हे गाणं आमच्या ऑर्केस्ट्राच्या यादीत होतं. सोलापुरात, गणपतीत, इंग्रजी गाणं! आमच्या गायकाचा भाऊ आखातात कामाला होता, त्याने सुट्टीला येताना कॅसेट आणली होती. गायकाला आम्ही सगळे अण्णा म्हणतो. राहणार पूर्व भागात, घरचे यंत्रमाग, घरात तेलुगू, बाहेर मराठी. इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं. कॅसेट मागे-पुढे करत त्यांनी ते अख्खं गाणं वहीत तेलुगू अक्षरांत उतरवून घेतलं. ती वही अजून आहे. दर कार्यक्रमात रात्री बारानंतर हे गाणं यायचं (तेव्हा दहाची मर्यादा नव्हती, पहाटेपर्यंत चालायचं) आणि शेवटच्या वरच्या सुराला अण्णांनी हात घातला की मंडपाच्या मागून शिट्ट्या सुरू व्हायच्या.

‘मूळ गाणं’ हा शब्द आपण फार सहज वापरतो. सुरुवातीचा कीबोर्डचा तुकडा मी ज्या टेपरेकॉर्डरवर ऐकून बसवला, त्याचा बेल्ट सैल झालेला होता. बेल्ट सैल झाला की टेप हळू फिरते आणि सूर खाली येतो. पुढे दुसऱ्या मशीनवर ऐकलं तेव्हा कळलं, की गाणं पांढरी सहाचं (पेटीवरच्या सहाव्या पांढऱ्या पट्टीचं) आहे आणि आम्ही सहा-सात महिने ते अर्ध्या सुराने खाली, काळी चारमध्ये वाजवतोय. एकाही श्रोत्याने तक्रार केली नव्हती.

खुद्द आ-हाचंही तसंच आहे. हे गाणं त्यांनी १९८४ मध्ये आधी एकदा काढलं होतं, ते चाललं नाही. मग दुसरा निर्माता घेऊन, नव्याने ध्वनिमुद्रण करून १९८५ मध्ये पुन्हा काढलं. त्याला पेन्सिलच्या चित्रांचा तो प्रसिद्ध व्हिडिओ जोडला गेला आणि त्या ऑक्टोबरात ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. म्हणजे जगाने ज्याला मूळ मानलं, ती आधीच्या प्रयत्नाची दुरुस्त आवृत्ती होती. पंचविशीतल्या मुलांनी गाणं बदललं तर ती मेहनत. मग साठीला टेकलेल्या माणसांनी बदललं तर ती नामुष्की कशी?

त्यांचं फुटणं आणि जुळणंही लेखात फार उथळपणे आलंय. १९९४ च्या सुमारास ते थांबले, १९९८ ला ओस्लोत नोबेल शांतता पुरस्काराच्या मैफलीत पुन्हा उभे राहिले, २०१० च्या डिसेंबरात ओस्लोतच निरोपाचा कार्यक्रम करून विखुरले आणि २०१५ मध्ये पुन्हा एकत्र आले. यात पैसा नव्हता असं मी म्हणणार नाही. पैसा आम्हालाही लागायचा. पण २०१७ च्या जूनमध्ये नॉर्वेच्या गिस्के नावाच्या छोट्या बेटावर, थोड्या लोकांसमोर त्यांनी जे वाजवलं, ते आपल्या लेखकाने ऐकलेलं दिसत नाही. १९८५ च्या गाण्याची लय मिनिटाला १६९ ठोक्यांची, जवळजवळ पळायला लावणारी. बेटावर त्यांनी सिंथेसायझरचा झगमगाट काढून टाकला आणि तेच गाणं इतकं सावकाश घेतलं, की पहिल्यांदा मला ते ओळखूच आलं नाही. गायक मॉर्टेन हार्केट तेव्हा ५७ वर्षांचा. वरच्या सुरावर तो झेप घेत नाही, हलकेच जाऊन टेकतो. तरुणपणी ते गाणं पोरीच्या मागे धावणाऱ्या पोराचं वाटायचं. इथे ते सगळं आयुष्य बघून झालेल्या माणसाचं वाटतं.

आता आमच्याकडचं सांगतो. गेल्या वर्षी आम्ही अण्णांच्या कारखान्यात सुट्टीच्या दिवशी बसलो. माग बंद, टॉवेलचे गठ्ठे भिंतीला लावून जागा केलेली, सुताचा भुगा माइकच्या जाळीवर बसतोय. अण्णांनी हट्टाने पांढरी सहाच लावायला सांगितली. दोन वेळा वरचा सूर फाटला. तिसऱ्यांदा त्यांनी सूर लागायच्या आधीच माइक खाली ठेवला. ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक ड्रम) वाजवणारा हळूच म्हणाला, “अण्णा, जरा उतरवून बघू या की.” अण्णा माझ्याकडे वळून म्हणाले, “तू पण तेच म्हणणार होय बे? पट्टी उतरवायची तर मी घरीच बसतो.” ते ६८ वर्षांचे आहेत. ज्या माणसाने दहा वर्षं रात्र-रात्र गाऊन मंडप हलवलेत, त्याला हे म्हणणं किती जड गेलं असेल, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मी काही बोललो नाही. मोबाइलवर गिस्केचं ते गाणं लावून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उभ्यानेच ऐकलं. संपल्यावर म्हणाले, “पुन्हा लाव.” मग आणखी एकदा. तिसऱ्यांदा ऐकताना ते गठ्ठ्यावर बसले आणि एवढंच म्हणाले, “हा गडी घाई करत नाही.”

पट्टी उतरवणं म्हणजे पळवाट, असं ज्यांना वाटतं त्यांनी हे गाणं एकदा गाऊन बघावं. ध्रुवपदाचा पहिलाच सूर पार खाली, खर्जात आहे, आणि शेवटचा सूर त्याच्या अडीच सप्तकं वर. वरचं सोपं व्हावं म्हणून पट्टी फार उतरवली, की पहिला सूर पोटातच राहतो, बाहेर ऐकू येत नाही. कॅसिओवर ट्रान्सपोजचं बटण दाबलं की पट्टी बदलते, गळ्याला असं बटण नसतं. आम्ही पांढरी तीन करून पाहिली, पांढरी चार करून पाहिली. खालचा सूर हरवला. शेवटी पांढरी पाचवर थांबलो, लय निम्म्याच्या आसपास आणली आणि खालच्या सुराला अण्णांनी माइक ओठांना लावायचा असं ठरवलं. वरच्या सुराला मी कॅसिओ सोडून अकॉर्डियनचा भाता उघडतो आणि तोच सूर मंद धरून ठेवतो, म्हणजे अण्णांना त्यावर विसावता येतं. एवढं बसायला आम्हाला अकरा बैठका लागल्या. तरुणपणी हेच गाणं आम्ही चार दिवसांत बसवलं होतं.

आपल्याकडे हे कळायला खरं तर अवघड जाऊ नये. एकच बंदिश एकच गवई आज एक गातो आणि उद्या वेगळी गातो, त्यासाठीच आपण बैठकीला जातो. आपल्याच जिल्ह्यात पंढरपूरच्या वाटेवर एकेका अभंगाच्या किती चाली ऐकू येतात! बालगंधर्वांचं उतारवयातलं गाणं ऐकायला आपल्या आजोबांची पिढी जात होती, ती काय तरुणपणीची तान मोजायला? मग पॉप गाण्यालाच आपण कॅसेटच्या मापाने का मोजतो?

फसवणूक मला दुसरीकडे दिसते, आणि तिच्याबद्दल लेखात एक ओळही नाही. गेल्या गणेशोत्सवात एका मंडळाने आम्हाला बोलावलं होतं. बोलणी झाली, तारीख ठरली. मग निरोप आला, की वाद्यं आणू नका, तयार ट्रॅक लावू. वरचे सूरही ट्रॅकमध्येच ठेवू, तुम्ही फक्त माइक धरून उभे राहा, लोकांना जुन्यासारखं ऐकायला मिळेल. अण्णा नाही म्हणाले आणि कार्यक्रम गेला. आजकाल गावातल्या कितीतरी कार्यक्रमांत हेच चालतं, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येतं की ‘गाणी हुबेहूब सादर झाली’. हुबेहूब असणारच, तिथे गाणं झालेलंच नसतं. माझी आपल्याला मनापासून विनंती आहे: कार्यक्रमाचं वृत्त देताना वाद्यं प्रत्यक्ष वाजली की ट्रॅक लावला होता, एवढी एक ओळ आपल्या वार्ताहराने जरूर लिहावी. खालच्या पट्टीत गाणाऱ्याला नावं ठेवण्याआधी, निदान तो गातोय याची नोंद व्हावी.

कोजागिरीला आम्ही शेवटी वाजवलंच, एका सोसायटीच्या गच्चीवर. साठ-सत्तर माणसं असतील. मुलं इकडून तिकडे पळत होती, एका कोपऱ्यात दूध आटत होतं. जुनी हिंदी गाणी झाली, टाळ्या मिळाल्या. मग अण्णांनी वही उघडली. पहिल्या दोन ओळींत कुणाला काही कळलं नाही. ध्रुवपद आलं तेव्हा पन्नाशीतला एक गृहस्थ खुर्ची पुढे ओढून बसला. त्याला गाणं ओळखू आलं होतं. शेवटच्या सुराला अण्णा अगदी हलके गेले, मी भाता जेमतेम उघडा ठेवला. दूध वाटणारी बाई पळी पातेल्यावर तशीच धरून थांबली होती. या वेळी शिट्टी एकही वाजली नाही. सूर संपल्यावरही काही क्षण कुणी हललं नाही, मग मागून कुणीतरी म्हणालं, “पुन्हा एकदा होऊ द्या, अण्णा.”

आणखी एक गोष्ट, जी लेखकाला माहीत असायला हवी होती. मॉर्टेन हार्केटला पार्किन्सन्सचा आजार आहे, हे २०२५ च्या जूनमध्ये बँडच्या संकेतस्थळावर जाहीर झालं. पुढे आपला आवाज साथ देईल की नाही, याची खात्री नसल्याचं त्यानेच मोकळेपणाने सांगितलं. त्या बेटावरचं गाणं त्यांनी २०१७ मध्ये गायलं नसतं, ‘आता पूर्वीसारखं जमत नाही’ म्हणून टाळलं असतं, तर ते कायमचं राहून गेलं असतं. आमचा बोंगोवाला चार वर्षांपूर्वी गेला. त्याच्या हयातीत पुन्हा बसायचं आम्ही आठ वर्षं बोलत होतो.

आपल्या लेखकांना माझ्यातर्फे निमंत्रण द्यावं. कारखान्याला सुट्टी असते त्या दिवशी आम्ही दुपारी चारला बसतो. चहा आणि शेंगाचटणी-भाकरी आमच्याकडून. अण्णांची वही त्यांना दाखवीन. त्या गाण्याच्या डोक्यावर ‘पांढरी सहा’ असं तेलुगूत लिहिलेलं आहे. परवा अण्णांनी त्याच्या शेजारी ‘पांढरी पाच’ लिहिलं. जुनं त्यांनी खोडलेलं नाही.

आपला,
एक जुना ऑर्केस्ट्रावाला
साखर पेठ, सोलापूर