वस्तीतून नेलेली माहिती वस्तीत परत यावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा ओसरू लागला की ठाणे आणि नवी मुंबईतील वस्त्यांमध्ये वैद्यकीय आणि परिचर्या महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांची सर्वेक्षणे दिसू लागतात. डेंग्यू, क्षयरोग, रक्तक्षय, मधुमेह, बालकांचे लसीकरण असे त्यांचे विषय असतात. हातात छापील प्रश्नावली किंवा मोबाइलवरचा अर्ज असतो आणि गल्ल्या दाखवायला सोबत आशाताई असते. ठाणे–बेलापूर पट्ट्यातील एका नागरी आरोग्य केंद्रात सार्वजनिक आरोग्य परिचारिका म्हणून काम करताना मी अशा विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे घरोघरी नेले आहे आणि त्यांच्या कामाविषयी मला आस्था आहे. म्हणूनच एक मागणी जाहीरपणे मांडावीशी वाटते. ज्या वस्तीतून माहिती गोळा केली, त्या वस्तीला आणि तिथल्या आरोग्य केंद्राला तिचा निष्कर्ष सोप्या मराठीत, एका पानावर, लेखी मिळेपर्यंत तो प्रकल्प किंवा प्रबंध पूर्ण झाला असे महाविद्यालयाने मानू नये.

आज काय होते? पदव्युत्तर विद्यार्थ्याचा प्रबंध बांधून ग्रंथालयात जातो. पदवीच्या विद्यार्थ्याचा छोटा प्रकल्प एखाद्या परिषदेत भित्तिपत्रक म्हणून लागतो, नशीब असेल तर नियतकालिकात छापून येतो. आरोग्य केंद्राच्या फाइलीत मात्र सर्वेक्षणाला परवानगी दिल्याच्या पत्राची प्रत तेवढी उरते. पुढच्या वर्षी दुसरी तुकडी येते, त्याच गल्लीत तोच विषय घेऊन बसते आणि दारातली बाई विचारते, “सिस्टर, मागच्या पावसाळ्यातही पोरं लिहून घेऊन गेली, त्याचं पुढं काय झालं?” संमतीपत्रावर अंगठा देणाऱ्या माणसाला हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. वैद्यकीय संशोधनाच्या नीतितत्त्वांचा हेलसिंकी जाहीरनामा १९६४ सालचा आहे, आणि संशोधनात सहभागी झालेल्यांना त्याचे सर्वसाधारण निष्कर्ष जाणून घेण्याची संधी मिळाली पाहिजे, असे त्याच्या २०१३ च्या आवृत्तीत स्पष्ट म्हटले आहे. संमती घेताना हा जाहीरनामा आपल्याला आठवतो. निष्कर्ष सांगायची वेळ आली की तो विस्मरणात जातो.

जगातील आरोग्य-संशोधनाच्या खर्चापैकी दहा टक्क्यांहूनही कमी रक्कम विकसनशील देशांच्या आजारांवर खर्च होते आणि टाळता येण्याजोग्या मृत्यूंचा नव्वद टक्क्यांहून अधिक भार मात्र त्यांच्याच वाट्याला येतो, या विषमतेकडे एका आंतरराष्ट्रीय आयोगाने १९९० मध्ये लक्ष वेधले होते. त्यावर आपल्याकडे पुष्कळ भाषणे होतात आणि ती रास्तही आहेत. पण कळवा, मुंब्रा, दिघा, तुर्भे येथील गरिबांवर आपल्याच विद्यार्थ्यांनी केलेले संशोधन जर त्या गरिबांपर्यंत पोहोचत नसेल, तर श्रीमंत देशांकडे बोट दाखवण्याआधी थोडे थांबायला हवे.

निष्कर्ष परत देण्याचे बंधन घातले तर केवळ सौजन्य पाळले जाईल असे नाही; विद्यार्थी प्रश्नही वेगळे विचारू लागतील, आणि माझ्या दृष्टीने हा त्याचा मोठा फायदा आहे. डेंग्यूचेच उदाहरण घेते. ‘ज्ञान, दृष्टिकोन आणि आचरण’ या ठरावीक साच्यातली प्रश्नावली मी इतक्यांदा ऐकली आहे की तिची उत्तरे मला आधीच सांगता येतील. डेंग्यू कशामुळे होतो? डासामुळे. डास कुठे वाढतो? साचलेल्या पाण्यात. आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे पाण्याची सगळी भांडी रिकामी करण्याचा दिवस, पाळता का? पाळतो. निष्कर्ष असा निघतो की जाणीव चांगली आहे, आचरण अपुरे आहे आणि आरोग्यशिक्षणाची गरज आहे. हाच निष्कर्ष नळावर जमलेल्या बायकांना वाचून दाखवायचा असता तर त्यांनी तिथल्या तिथे सांगितले असते की जिथे पाणी दिवसाआड आणि तेही अवेळी येते, तिथे पिंप रिकामे करणे म्हणजे उद्याचे पिण्याचे पाणी ओतून देणे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी पाण्याच्या पातळीच्या जरा वर, भांड्याच्या आतल्या भिंतीला अंडी चिकटवते. ती अंडी कोरड्यातही कित्येक महिने तग धरतात आणि पुन्हा पाणी लागले की आपल्याकडच्या उष्म्यात साधारण आठ-दहा दिवसांत त्यांचे डास होतात. म्हणजे पिंप नुसते ओतून भागत नाही, आतून घासावे लागते, आणि ओतता येत नसेल तर घट्ट झाकावे लागते. मग उपयोगाचे प्रश्न असे होतात: नळाला पाणी किती वेळ येते, घरात किती पिंपे आहेत, त्यांतल्या किती पिंपांना नीट बसणारे झाकण आहे, ती घासण्याचे काम कोणाकडे आहे आणि तिला कामावर निघण्याआधी तेवढी सवड मिळते का? शंभर घरांमागे अळ्या सापडलेली भांडी किती, हा निर्देशांक कीटकशास्त्रात रूढ आहे आणि तो काढायला बॅटरी, चिकाटी आणि घरात येऊ देणारी माणसे एवढेच पुरते. त्याला पाणीपुरवठ्याच्या वेळेची जोड दिली, तर झाकणे वाटायची की नळाची वेळ बदलायची याचा निर्णय अधिकाऱ्यांना घेता येईल. ‘आरोग्यशिक्षण हवे’ या वाक्यावरून कोणताच निर्णय घेता येत नाही.

क्षयरोगाच्या बाबतीत हे अधिक गंभीर आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. रुग्णाच्या घरातील सर्व वयाच्या, लक्षणे नसलेल्या माणसांनाही तपासणीनंतर प्रतिबंधक औषध द्यावे, असे धोरण २०२१ पासून आहे. कागदावर ते सोपे वाटते. प्रत्यक्षात रबाळ्याच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या धडधाकट तरुणाला सहा महिने रोज, किंवा नव्या पद्धतीप्रमाणे बारा आठवडे आठवड्यातून एकदा, गोळ्या घे म्हणून पटवायचे असते. तो औषध मध्येच का सोडतो, गावी गेल्यामुळे, मळमळीमुळे की शेजाऱ्यांना कळेल म्हणून, हे शोधणे विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आहे आणि आरोग्य केंद्राला ते हवेच आहे. आणखी एक खास इथलीच अडचण आहे. विटावा ठाणे महापालिकेत आहे आणि त्याला लागून असलेले दिघा नवी मुंबई महापालिकेत. भाड्याची खोली बदलून माणूस रस्त्यापलीकडे गेला की त्याची नोंद, त्याचे औषध आणि त्याच्या घरच्यांची तपासणी एका यंत्रणेकडून दुसरीकडे सरकते. अशा रुग्णांचे काय होते, या एका प्रश्नावर चांगला प्रबंध उभा राहू शकतो. बाहेरून आणलेल्या तयार प्रश्नावलीत तो कधीच सापडणार नाही.

साध्या साधनांनी मोठे काम होत नाही असा विद्यार्थ्यांचा समज असेल, तर झारखंडमधील पोषण-अभ्यास त्यांनी जरूर वाचावा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २,८०० क्षयरुग्ण आणि त्यांच्या घरातील दहा हजारांहून अधिक माणसे होती. घरच्यांना दरमहा पोषक शिधा दिल्यावर त्यांच्यात नव्याने क्षयरोग होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटले. उपचाराच्या पहिल्या दोन महिन्यांत ज्या रुग्णांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले, त्यांच्यातील मृत्यूचा धोका सुमारे ६१ टक्क्यांनी कमी आढळला. वजनकाटा आमच्या प्रत्येक केंद्रात आहे. केंद्र सरकारकडून रुग्णाला पोषणासाठी मिळणारी मदत २०१८ मध्ये महिना ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून ती १,००० रुपये झाली. ती वेळेवर हातात पडते का आणि पडल्यावर वजन वाढते का, हे आमच्या वॉर्डापुरते कोणी पाहिले तर आम्हाला लगेच कामाला येईल. तसेच पारसिक डोंगराच्या पायथ्याशी दगडखाणींत राबलेल्या जुन्या कामगारांचे: फुप्फुसातली सिलिकाची धूळ काम सुटले तरी जात नाही आणि तिच्यामुळे क्षयरोगाचा धोकाही वाढतो. अशा माणसाला पूर्वी काय काम करत होतास, हे विचारणारी प्रश्नावली मी फारशी पाहिलेली नाही.

महाराष्ट्रात अशा संशोधनाची परंपरा नाही असे मुळीच नाही. सत्तरच्या दशकात महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालेल्या तरुण डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांची खाटेशेजारी बसून टिपणे काढली. १९८२ मध्ये ती निरीक्षणे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली आणि पुढे प्राझोसिन या औषधाच्या वापराने कोकणातील विंचूदंशाचे मृत्यू फार मोठ्या प्रमाणात कमी झाले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची घरी काळजी घेण्याची पद्धत बसवली. १९९९ मध्ये त्यांनी दाखवून दिले की त्यामुळे नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले, आणि २०११ पासून देशभरातल्या आशाताई तेच काम करत आहेत. दोन्ही ठिकाणी प्रश्न दारातल्या माणसाचा होता आणि उत्तर त्याच्याच दारात पोहोचले. याउलट घोडबंदर रस्त्यावरच्या संकुलांतील काही अकरावी-बारावीची मुले परदेशी विद्यापीठांतील प्रवेशासाठी नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर प्रश्नावल्या फिरवून ‘सार्वजनिक आरोग्यावरील संशोधन’ करतात. त्याविषयी अधिक लिहित नाही.

या मागणीवर आक्षेप येतील आणि त्यांतला एक मला मोलाचा वाटतो. क्षयरोग किंवा एचआयव्हीसारख्या विषयात एका गल्लीपुरते आकडे दिले तर माणसे ओळखू येतात, त्यांच्या मुलींची लग्ने अडतात, घरमालक खोली खाली करायला लावतो. म्हणून वस्तीसाठीच्या पानावर गल्लीचे किंवा चाळीचे नाव नसावे, आकडे लहान असतील तर ते देऊच नयेत आणि पानावर मार्गदर्शक प्राध्यापकांची सही असावी. नमुना लहान आहे, विद्यार्थ्याचे काम कच्चे असते, हा दुसरा आक्षेप. तो खरा असला तर तसे त्या पानावर लिहावे. ‘एवढ्यावरून खात्रीने सांगता येत नाही’ हे वाक्य वस्तीतल्या लोकांनाही समजते.

हे पान वाचायचे कुठे, याची व्यवस्था आधीपासून आहे. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानात साधारण पन्नास ते शंभर घरांमागे एक महिला आरोग्य समिती अपेक्षित आहे. तिच्या बैठकीत विद्यार्थ्याने स्वतः येऊन पाच मिनिटे बोलावे. वैद्यकीय अभ्यासक्रमात २०२२ पासून गावातील कुटुंबे दत्तक घेण्याचा कार्यक्रमही आला आहे आणि त्यात विद्यार्थी त्याच घरी पुन्हा पुन्हा जातो. मागच्या वेळच्या माहितीचे काय झाले, हा प्रश्न तिथे त्याला टाळता येणार नाही.

नवा नियम होईपर्यंत थांबण्याचीही गरज नाही. आरोग्य केंद्राच्या हद्दीत सर्वेक्षण करण्यासाठी महाविद्यालये महापालिकेच्या आरोग्य विभागाकडून पत्र घेतात. ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही महापालिकांनी त्या पत्रात एक अट घालावी: काम संपल्यावर ठरावीक मुदतीत एक पानी मराठी अहवाल केंद्राला आणि समितीला द्यावा, आणि तो न दिल्यास महाविद्यालयाच्या त्या विभागाला पुढच्या वर्षी परवानगी मिळणार नाही. त्याच्या बदल्यात प्रत्येक केंद्राने शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीला आपल्याला अडलेले चार-पाच प्रश्न लिहून महाविद्यालयांना पाठवावेत. जिल्ह्यातील एखादे महाविद्यालय हे आधीच करत असेल, तर त्यांनी आपली पद्धत याच सदरातून कळवावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त सार्वजनिक आरोग्य परिचारिका,
कळवा, ठाणे