कार्डिफच्या चौकातला बिली बॉस्टन

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तीन रग्बीपटूंच्या पुतळ्याचा फोटो पोचला. विगनमध्ये लहानाची मोठी झालेली मुलगी मला विचारते, "बाबा, आपल्याकडचा बिली बॉस्टन इथे कार्डिफच्या चौकात कसा?" आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, मॅचला नेलं की पुस्तक उघडून बसायची ती, तिला काय ठाऊक असणार!

अगं, तो मुळात वेल्समधल्या कार्डिफचाच. बंदरालगतची टायगर बेची वस्ती, तिथे अँजेलिना स्ट्रीटवर १९३४ साली जन्मला. वडील सिएरा लिओनहून आलेले खलाशी, आई कार्डिफचीच, आयरिश घराण्यातली. अकरा भावंडांतला तो एक. पोराच्या डोक्यात एकच: कार्डिफकडून रग्बी युनियन खेळायचं आणि पुढे वेल्सची लाल जर्सी घालायची. नीथ या वेल्समधल्याच दुसऱ्या क्लबाकडून तो खेळलाही, पण घराजवळच्या क्लबाचं बोलावणं काही आलं नाही. टायगर बेतल्या काळ्या पोराला का विचारत नाहीत, ते कुणी कागदावर लिहून ठेवत नसतं.

मग लष्करी सेवेत असताना विगनच्या रग्बी लीग क्लबाने त्याला हेरलं. पुढचा किस्सा तो स्वतःच सांगायचा. क्लबाची माणसं घरी आली आणि त्यांनी टेबलावर १,००० पौंडांच्या नोटा मांडल्या. त्याला जायचं नव्हतं, आईलाही पाठवायचं नव्हतं. पाहुणे आपणच उठून जातील म्हणून आईने सांगितलं, ३,००० द्या, करतो सही. ते म्हणाले, ठीक. १९५३ ची गोष्ट. पोराला रडू आलं.

रडू का, तेही समजून घे. त्या काळी लीगचा पैसा हातात घेतला की युनियनचे दरवाजे जन्मभरासाठी बंद, म्हणजे वेल्सची जर्सीही गेली. ही दुष्मनी १८९५ पासूनची. शनिवारी खेळायला गेलं की खाणीतली, गिरणीतली मजुरी बुडायची. उत्तरेकडचे क्लब म्हणत होते, ती भरून द्या. युनियनचे साहेब म्हणाले, खेळात पैसा नको. ज्यांच्या घरी आधीच होता, त्यांना असं म्हणायला काय जातंय! शेवटी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तरेच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली, तीच ही रग्बी लीग, आणि पुढे खेळाडू पंधराचे तेरा केले.

आता तुला न आवडणारा भाग, खेळाचा. विंगर उभा असतो अगदी कडेला, रेषेला चिकटून. चेंडू हातोहात सरकत शेवटी त्याच्यापर्यंत यायचा. मधल्या कुणी स्वार्थ केला की हा नुसता प्रेक्षक. आणि आला की समोर दोघे-तिघे, एका बाजूला रेषा. पाय बाहेर पडला की संपलं. मी सांगलीत कबड्डी खेळायचो, तिथे कोपऱ्यात शिरलेल्या चढाईपटूची जी गत होते तीच ही, फक्त इथे दम कोंडायचा नसतो आणि खाली चिखल असतो. बहुतेक विंगर एकतर पळणारे असतात नाहीतर धडकणारे. बॉस्टन दोन्ही होता. पुढे वजन वाढलं तरी वेग राहिला, आणि अडवायला येणाऱ्याला चुकवायचं की तुडवायचं हे तो धावता धावता ठरवायचा. शिवाय एरिक अ‍ॅश्टनसारखा सेंटर, म्हणजे विंगरला चेंडू देणारा, शेजारी. नेमक्या क्षणी चेंडू त्याच्या हातात ठेवणारा असा जोडीदार मिळायलाही भाग्य लागतं, आकडे सांगणारे ते विसरतात.

आकडेही सांगतो, नाहीतर तू शोधत बसशील. विगनसाठी ४८८ सामन्यांत ४७८ ट्राय, म्हणजे तितक्यांदा चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवला. सगळी कारकीर्द धरली तर ५७१. त्याच्या पुढे एकटा ब्रायन बेव्हन, ७९६. एकाच सामन्यात सात ट्राय, असं दोनदा. १९५४ मध्ये, विगनकडून पहिल्याच मोसमात, ग्रेट ब्रिटनच्या संघातून ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला निघाला. त्या दौऱ्यावर जाणारा पहिला काळा खेळाडू, वय १९. अठरा सामन्यांत ३६ ट्राय करून परतला.

पण माझ्या मनात राहतं ते १९५७. ऑस्ट्रेलियातला विश्वचषक आटोपला आणि संघ परतीच्या वाटेवर प्रदर्शनी सामन्यांसाठी दक्षिण आफ्रिकेला गेला. तिथे वर्णभेदाचा कायदा. मग हा एकटा वेगळ्या वाटेने घरी आला आणि बाकीचे खेळले. "आमचा माणूस नाही तर आम्हीही नाही" असं त्या वेळी कुणाला सुचलं नाही. हे मला कधीच पटलेलं नाही. वैभवाचे दिवस सांगणारे या प्रसंगावरून घाईने पुढे जातात.

खेळणं थांबल्यावर त्याने विगनमध्येच पब चालवला, द ग्रिफिन, सेंट्रल पार्क मैदानाजवळ. ते मैदान १९९९ मध्ये गेलं. तिथे आता सुपरमार्केट आहे, आपण डाळ-तांदूळ आणायला जातो तेच! आणि ‘सर’ ही पदवी? २०२५ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, स्मृतिभ्रंशाने गाठल्यावर. रग्बी लीगच्या खेळाडूला मिळालेली ही पहिलीच. क्रिकेटवाले, युनियनवाले केव्हाचे सर झालेत. या खेळाला १३० वर्षं लागली, कारण तो खाणवाल्यांचा, गिरणीवाल्यांचा खेळ. दुसरं कारण मला तरी दिसत नाही.

पुतळ्यात त्याच्या शेजारचे दोघेही कार्डिफचेच. गस रिस्मन लाटव्हियातून आलेल्या कुटुंबातला. क्लाइव्ह सलिव्हनसुद्धा विंगरच. १९७२ चा विश्वचषक त्याच्या कप्तानीत जिंकला, ब्रिटनच्या राष्ट्रीय संघाचा पहिला काळा कप्तान. बेचाळिसाव्या वर्षी कर्करोगाने गेला. हल शहरातला एक मोठा रस्ता त्याच्या नावाचा आहे.

तू लिहिलंयस, पुतळा बघून बरं वाटलं, शहराने अखेर न्याय केला. मला नाही तसं वाटत. पुतळे व्हावेत म्हणून तिथल्या वस्तीतल्या माणसांनी नेट धरला, त्यांना मात्र माझा नमस्कार. पण हिशेब कर. पोरगा १९५३ मध्ये गेला, कार्डिफचं बोलावणं आलं २०२३ मध्ये, ब्राँझमध्ये. मधली सत्तर वर्षं त्याची कदर केली ती विगनने.

यावरून तुझा विषय. ऑफिसातले तुला दर मार्चमध्ये "पुढच्या वर्षी नक्की" म्हणतात. काम तुझं, सही दुसऱ्याची, हे तूच फोनवर सांगितलंस. लीड्सच्या लोकांनी मात्र आपणहून विचारलंय. खाडीकाठचं घर, मैत्रिणी, तुझा तो गायनाचा ग्रुप सोडणं जड जाईल, जाऊ दे जड. त्याबद्दल रडलीस तरी आम्ही काही बोलणार नाही. आई म्हणते लीड्स विगनपासून जवळ, म्हणून बाबा भरीला घालतायत. त्यात थोडं तथ्य आहे.

शुक्रवारच्या आत त्यांना कळव. आणि पगाराचा आकडा आधी त्यांना बोलू दे, मग तू तिप्पट सांग. तिप्पट नको, दीडपट सांग, पण सांग.

तुझा,
बाबा