वाळवंटात तरी चाकोरी सोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी सरत आली की दरवर्षी सगळ्याच वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत वाळवंटातल्या जीप-सफरींचे लेख येतात. फोटोत वाळूचा फवारा उडवत चाललेली गाडी असते आणि मजकुरात ‘चाकोरीबाहेरची भटकंती’ हे शब्द हमखास असतात. हे लेख मी आवडीने वाचतो. त्यांच्याच नादाने माझ्यासारखे पुष्कळ लोक राजस्थानकडे गाड्या काढतात. म्हणूनच हे पत्र लिहितो आहे. ते छापावं अशी मनापासून विनंती आहे.

सोलापुरात बार्शी रोडला माझं डिझेल गाड्यांचं गॅरेज आहे. तीस वर्षं झाली. येत्या फाल्गुनात आम्ही चौघे शाळेपासूनचे मित्र थरच्या वाळवंटात निघालोय. एक डॉक्टर, एक हायस्कुलातले सर, एकाचं चादरीचं दुकान आणि मी. गाड्या दोन, माझी जुनी महिंद्राची जीप आणि डॉक्टरची जिप्सी. दोन्ही फोर बाय फोर. वाळूत एकट्या गाडीने उतरू नये, कारण एक रुतली तर तिला ओढायला दुसरी हवी.

महिनाभर रोज रात्री गॅरेजचं शटर अर्धं ओढून आमची बैठक चाललीय. पुण्याहून अहमदाबाद, पालनपूर, सांचोर, बाडमेर करत जैसलमेर. सोलापुरापासून चौदाशे किलोमीटरच्या वर अंतर भरतं. माघी पौर्णिमेला तिथे मरू महोत्सव असतो, तेव्हा गर्दी फार. तो उरकल्यावर पोचायचं आणि होळीच्या आत परतायचं, कारण होळीनंतर तिथलं ऊन आपल्या एप्रिलसारखं चढायला लागतं. सामानाची यादी सरांच्या अक्षरात भिंतीवर चिकटवली आहे. माणशी रोजचं सहा लिटर पाणी, शिवाय रेडिएटरसाठी वेगळा कॅन. दोन फावडी, टोइंगचा पट्टा, हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर, चाकाखाली घालायला लोखंडी जाळीच्या चार पट्ट्या. आणि कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी. कोरड्या हवेत कडक भाकरी महिनाभरसुद्धा जशीच्या तशी राहते, आणि रात्री पाण्याचा हात लावून ताकासोबत खाल्ली की जेवण झालं.

सगळं सुरळीत चाललं होतं. मग एका रात्री डॉक्टरने फोनवर उपग्रहाचा नकाशा काढला आणि जैसलमेरजवळच्या खुरी गावापासून सम गावच्या वाळूच्या टेकड्यांपर्यंत बोटाने सरळ रेघ ओढली. म्हणाला, “डांबरी रस्त्याने कशाला फिरून जायचं? मधे काय आहे? सगळं मोकळंच तर आहे!”

नकाशात खरंच काही दिसत नाही. फिकट पिवळा रंग आणि मधे मधे ठिपके. पण ती रेघ ‘डेझर्ट नॅशनल पार्क’मधून जाते. हे उद्यान १९८० साली जाहीर झालं. जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत मिळून ३,१६२ चौरस किलोमीटर. आत गावं आहेत, ढाण्या म्हणजे वस्त्या आहेत, गायी-मेंढ्यांची कुरणं आहेत. उंच वाळूच्या टेकड्या त्यातला थोडाच भाग. बाकी सारा गवताळ आणि दगडी माळ, थेट आपल्या मोहोळ-बार्शीकडच्या माळासारखा.

मी डॉक्टरला नाही म्हणालो. का म्हणालो ते सांगतो.

पाच वर्षांपूर्वी आम्ही दोघं तिथे गेलो होतो. मुक्कामाच्या तंबूवाल्यांनी भाड्याने जीप दिली, सोबत एक पोरगा दिला आणि सांगितलं, कुठूनही चालवा. स्टिअरिंगवर मी होतो. टेकड्या संपून मुरमाड, सपाट जमीन लागली. गाडी मस्त पळत होती आणि मी वाट सोडून कुठेही फिरवत होतो. सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. फोटोसाठी उतरलो, तर मागे आमच्याच चाकाच्या खुणेत एक बीळ बसलेलं दिसलं. अर्धचंद्रासारखं तोंड, एका बाजूने दबलेलं. शेजारी सांडा पडला होता. सांडा म्हणजे काटेरी शेपटीचा, हातभर लांबीचा सरडा. तेलासाठी आपल्याकडच्या जत्रांत ज्याचे हाल होताना लहानपणी पाहिलेत, तोच. मातकट अंग, शेपटीवर काट्यांच्या वळ्यांमागून वळ्या, मांडीवर निळसर झाक. कंबरेखालून चेपला होता आणि पुढचे पाय अजून हलत होते. तोंडात हिरव्या पाल्याचा तुकडा. तो पाला खाणारा प्राणी आहे, कुणाच्या वाटेला जात नाही. सोबतचा पोरगा सहज बोलून गेला की थंडीभर हे बिळाचं तोंड मातीने बुजवून आत झोपतात आणि आत्ता कुठे उन्हाला बाहेर यायला लागलेत. चार महिन्यांच्या झोपेतून उठून तो उन्हात बसला होता, आणि मी त्याच्यावरून गाडी घातली. आजूबाजूला नीट पाहिलं तर पन्नास पावलांत तशी सात-आठ बिळं होती. वरून येताना मला त्यातलं एकही दिसलं नव्हतं.

जीप-सफरीला आपण सगळे जो महिना निवडतो, तो आपल्याला सोयीचा म्हणून. पहाटे स्वेटर, दुपारी सुसह्य ऊन, आकाश स्वच्छ. पण नेमका तोच महिना वाळवंटाच्याही कामाचा असतो. रोहिड्याला केशरी-पिवळी फुलं येतात, पानांपेक्षा फुलंच जास्त दिसतात. फोग नावाचं झुडूप बारीक कळ्यांनी भरतं. त्या कळ्या तिथले लोक वाळवून दह्यात घालून खातात. केराची, म्हणजे आपल्या नेपतीची, लाल फुलं निघतात. खेजडी म्हणजे आपली शमी, तिला याच सुमारास मोहर धरतो आणि पुढे त्याच्या शेंगा होतात, सांगरी. केर-सांगरीची भाजी आपण जैसलमेरच्या हॉटेलात चवीने खातो, ती या झाडांची. आणि याच काळात उन्हाळ्याच्या तोंडाला गोडावणाचा विणीचा हंगाम सुरू होतो.

गोडावण म्हणजे आपला माळढोक. इथे मला सोलापूरकर म्हणून दोन ओळी जास्त लिहू द्याव्यात.

माझी आत्या नान्नजला राहायची, सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवर. सातवी-आठवीत असताना पावसाळ्यात मी वडिलांच्या सायकलवर मागे बसून तिच्याकडे जायचो. एका सकाळी वडिलांनी सायकल थांबवली, तोंडावर बोट ठेवलं आणि माळाकडे हात केला. लांब गवतात मीटरभर उंचीचा पक्षी उभा होता. डोक्यावर काळी टोपी, मान पांढरी. मग त्याने गळ्याची पिशवी फुगवली. ती पार पायापर्यंत लोंबली, शेपटी पंख्यासारखी पाठीवर आली, आणि खोल विहिरीत घागर बुडावी तसा आवाज आला, हूम… आत्याच्या गावात त्याला हूमच म्हणत. आम्ही अर्धा तास उभे होतो. १९७९ साली सोलापूर-नगर भागात माळढोक अभयारण्य झालं होतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं. तेव्हा त्याचं क्षेत्र साडेआठ हजार चौरस किलोमीटरच्या घरात होतं, पुढे ते बरंच कमी केलं गेलं. आत्या गेली, माळावर ऊस आला, घरं आली, आणि आता नान्नजला माळढोक दिसला तर ती पेपरात बातमी होते. माझ्या मुलाने तो अजून पाहिलेला नाही.

आज साऱ्या देशात हा पक्षी जेमतेम दीडशेच्या आसपास उरलाय आणि त्यातले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात आहेत. मादी घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर, गवताच्या आडोशाला एक अंडं घालते. एकच. महिनाभराच्या आत-बाहेर एकटी उबवते. अंड्याचा रंग मातीसारखा. गाडी जवळ आली की ती उठून लांब जाते, आणि तेवढ्यात कावळा किंवा कुत्रं आपलं काम करतं. म्हणजे चाक अंड्यावरून जायचीही गरज नाही.

त्याच्यावरचं सगळ्यात मोठं संकट जीपगाड्यांचं नाही, हे मला माहीत आहे. पंधरा किलोपर्यंत वजनाचा हा पक्षी, त्याला समोरचं नीट दिसत नाही, आणि विजेच्या तारांवर तो आदळून मरतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली तारा जमिनीखालून न्यायचा आदेश दिला, २०२४ मध्ये त्यात बदल करून तज्ज्ञांची समिती नेमली. सम येथे २०१९ पासून प्रजनन केंद्र आहे. जंगलातली अंडी काळजीपूर्वक उचलून तिथे पिल्लं वाढवली जातात. वन खातं आणि भारतीय वन्यजीव संस्थेची माणसं एकेका अंड्यासाठी रात्रीचा दिवस करताहेत. ज्या जमिनीवर एका अंड्याची इतकी किंमत आहे, तिथे आम्ही सुट्टीतल्या मौजेसाठी रेघ ओढून गाडी घालायची? तारांचं मी काही करू शकत नाही. माझी चाकं कुठे जातील ते मात्र मी ठरवू शकतो.

गवताचंही तसंच. तिथे सेवण नावाचं बारमाही गवत असतं. त्याचे ठोंब लांबून वाळलेले दिसतात, पण मुळं जिवंत असतात आणि तीच वाळू धरून ठेवतात. पावसाचा एक शिडकावा झाला की पुन्हा हिरवं होतं. चार गाड्या एकामागून एक त्या ठोंबांवरून गेल्या की मुळं उघडी पडतात, वारा वाळू उपसतो, आणि मग तिथे गवत धरत नाही. गायी त्याच्यावरच जगतात. एक म्हातारे गुराखी आम्हाला म्हणाले होते की टुरिस्ट येतात आणि जातात, गाडीच्या पट्ट्यावर मात्र पुढचे कित्येक पावसाळे काही उगवत नाही. गावोगाव तिथे ओरण असतं, म्हणजे आपली देवराई. देवाच्या नावाने सोडलेलं रान, जिथे कुऱ्हाड लावत नाहीत. त्याला कुंपण नसतं, पाटी नसते. परक्याला ते पडीक रान वाटतं.

आता गॅरेजवाला म्हणून एक सांगतो, ते वाळूत जाणाऱ्या प्रत्येकाने करावं. डांबरी रस्ता सुटला की टायरची हवा तीस-बत्तीस पौंडांवरून सोळा-अठरावर आणावी. गच्च भरलेला टायर वाळू कापत खाली जातो, मऊ टायर तिच्यावर पसरतो. गाडी रुतत नाही, इंजिन तापत नाही, आणि जमिनीवर उमटणारा ठसाही उथळ राहतो. गाडी रुतलीच तर ॲक्सिलरेटर दाबून चाकं गरगर फिरवू नयेत, त्याने ती एक्सलपर्यंत खाली बसते. उतरावं, फावड्याने चाकापुढची वाळू काढावी, पट्टी घालावी, लो गिअरमध्ये हळू बाहेर यावं. डांबरी रस्त्याला लागल्याबरोबर हवा पुन्हा भरावी, नाहीतर टायर तापून फुटतो.

‘चाकोरी’ हा शब्द मुळात गाडीवाटेचाच आहे. चाकांनी पडलेली वाट. शहरातल्या माणसाला ती सोडाविशी वाटते, हे समजतं. पण वाळवंटात ढाणीपासून ढाणीपर्यंत ज्या चाकोऱ्या पडल्यात त्या उंटगाड्यांनी, ट्रॅक्टरनी, पिढ्यान्‌पिढ्यांनी पाडलेल्या आहेत. त्या बिळं टाळून, ओरण टाळून, पाण्याच्या टाक्याजवळून जातात. आणि त्यांच्यावरूनही फोर बाय फोरचा पूर्ण कस लागतो, ही माझी खात्री आहे.

तर आमचा बेत आता असा ठरलाय. खुरीला रस्त्यानेच जायचं. तिथल्या गावकऱ्यांपैकी एकाला रोजावर सोबत घ्यायचं आणि उद्यानाबाहेरच्या टेकड्यांवर तो नेईल त्याच वाटेने चालवायचं. उद्यानात सुदासरीला वन खात्याची परवानगी काढून, ते सांगतील तेवढंच आणि तिथपर्यंतच. मग रामगढ, तनोट, लोंगेवाला. तो डांबरी रस्ता टेकड्यांमधूनच जातो आणि १९७१ च्या लढाईची जागा पाहणं ही सरांची फार जुनी इच्छा आहे. सीमेलगत कुठे जाता येतं आणि कुठे परवानगी लागते ते जैसलमेरात पोचल्यावर आधी विचारून घ्यायचं. ड्रोन घरी ठेवायचा. रात्री गाडी चालवायची नाही, रस्त्यावर उंट आणि गायी बसलेल्या असतात. परतताना अकल या ठिकाणी थांबून दगड झालेले जुरासिक काळातले वृक्ष पाहायचे.

डॉक्टर दोन दिवस माझ्याशी नीट बोलला नाही. तिसऱ्या रात्री आला, फोनवरची रेघ पुसली आणि म्हणाला, “सांड्याचं तू मला तेव्हा का नाही सांगितलंस?” तो त्या वेळी गाडीच्या पुढे उभा होता, त्याने ते पाहिलंच नव्हतं. मी तेव्हा बोललो नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

संपादक महाशय, विनंती एवढीच की यापुढे आपल्या पुरवणीत वाळवंटाच्या सफरीवर लेख आला, तर त्याच्या शेजारी छोट्या चौकटीत राष्ट्रीय उद्यानाची हद्द कुठून कुठे आहे, परवानगी कुणाची लागते आणि माळढोकाचा विणीचा काळ कोणता, हे छापावं. आणि गाडी वाट सोडून गवतात शिरलेला फोटो छापू नये. जे फोटोत दिसतं तेच लोक तिथे जाऊन करतात. मीही तेच केलं होतं.

आमचा मुक्काम नव्या बेतात दोन दिवसांनी वाढलाय. नान्नजहून आत्याची सून भाकरी करून देणार आहे, तिला चाळीसच्या ऐवजी साठ सांगितल्या आहेत.

आपला,
एक गॅरेजवाला वाचक, सोलापूर